९ आणि २२ : सेलू तालुक्यातल्या एका ल्युकेमियाचं प्रकरण

हे प्रकरण कुण्या एकाच मुलाचं नाही. मराठवाड्यातून रक्ताच्या कर्करोगासाठी येणाऱ्या मुलांच्या फायलींत जे पुन्हापुन्हा दिसतं, ते एका मुलाच्या आजारपणात गुंफून निवासी डॉक्टरांना शिकवण्यासाठी रचलं आहे. आजाराचं शास्त्र आणि औषधांचे आकडे मात्र खरे आहेत. लिहिताना डोळ्यांसमोर दोघं होते: तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, आणि हातात 'टी(९;२२) पॉझिटिव्ह' असा कागद येऊन पडलेला बाप. टी(९;२२) म्हणजे ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल.

सेलू ते संभाजीनगर

मुलगा ११ वर्षांचा, सहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. वडील हंगामात सेलूच्या एका जिनिंगवर कामाला, एरवी घरची दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तूर. एप्रिलच्या सुरुवातीला पोरगं म्हणालं, "आई, गुडघे दुखायलेत." क्रिकेट, वाढीचं वय, उन्हातान्हात हिंडणं अशी कारणं घरच्यांना लगेच सापडली. मग रोज संध्याकाळी ताप यायला लागला. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यातल्या बारीक पांढऱ्या गोळ्या डेक्सामेथासोनच्या होत्या. दोन दिवसांत ताप गेला, पाय दुखायचे थांबले, पोरगं दणकून जेवायला लागलं. घरात सगळे खूश.

डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड्स म्हणजे याच आजारावरच्या केमोथेरपीतली पहिली औषधं. या आजारात बेसुमार वाढणाऱ्या कच्च्या पांढऱ्या पेशी, म्हणजे लिम्फोब्लास्ट किंवा नुसतं ब्लास्ट, त्यांनी झपाट्यानं मरतात. त्यामुळे निदान न होता पाच दिवस स्टिरॉइड मिळालं की आजार अर्धवट मार खाऊन दबा धरून बसतो. कधी तर रक्तात आणि अस्थिमज्जेतही ब्लास्ट सापडत नाहीत, आणि निदानच महिनाभर लांबतं. शिवाय मुलाचा आजार मुळात किती जोरदार होता हे नंतर नीट मोजता येत नाही. म्हणूनच आधी स्टिरॉइड मिळालेल्या मुलाला अनेक उपचार-आराखड्यांत जास्त जोखमीच्या गटात धरतात. लहान मुलाचे सांधे दुखतायत, ताप आहे आणि कारण सापडत नाही, अशा वेळी स्टिरॉइडच्या आधी एक सीबीसी आणि काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं एवढंच मागणं आहे. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये ते होतं.

या मुलाचा ताप दहा-बारा दिवसांत परत आला. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं, पायांवर लाल ठिपके उठले. सेलूच्या लॅबमधला सीबीसी: हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी ९२,०००, प्लेटलेट १८,०००. मशीननं दिलेला आकडा छापून हातात देता आला असता. तिथल्या टेक्निशियननं तसं न करता काच रंगवली, बघितली, पॅथॉलॉजिस्टला फोन लावला आणि बापाला सांगितलं, "उद्यावर टाकू नका, आजच संभाजीनगरला निघा." या सगळ्या गोष्टीत सगळ्यात वेळेवर झालेलं काम मला हेच वाटतं.

कर्करोग विभागात दाखल झाल्यावर पहिल्या रात्रीचं काम ठरलेलं होतं. सलाइन, अॅलोप्युरिनॉल, युरिक अॅसिड आणि पोटॅशियमवर नजर, प्लेटलेट, छातीचा एक्स-रे. त्यात नवं काही नाही. बापाचा प्रश्नही नेहमीचाच: "साहेब, टाटाला नेऊ का?" सेलूच्या स्टेशनवरून देवगिरी किंवा तपोवनमध्ये बसलं की मुंबई, हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. पण १८,००० प्लेटलेट आणि ९२,००० पांढऱ्या पेशी घेऊन रात्रभराचा प्रवास करण्याची ती वेळ नव्हती. आधी मूल स्थिर करायचं, उपचार सुरू करायचे आणि मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला फोनवर घ्यायचा असं ठरलं. तपासणीसाठी मूल न्यायची गरज नसते, नमुना गेला तरी पुरतं. अर्थात तो जिवंत पोचला तर.

एक हिरवी नळी, एक जांभळी

विभागातला पहिला स्टिरॉइडचा डोस देण्याआधी कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी, तिथल्या तिथे झाली: सीडी१९, सीडी१०, सीडी३४ आणि टीडीटी पॉझिटिव्ह, म्हणजे बी-पेशींचा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. सोबत सीडी१३, सीडी३३ आणि सीडी२५ हेही दिसले. यातले पहिले दोन खरं तर मायलॉइड पेशींचे, म्हणजे रक्तपेशींच्या दुसऱ्या शाखेचे. लिम्फोब्लास्टवर ते आणि सीडी२५ एकत्र दिसले की जाणत्या डॉक्टरच्या मनात एक शंका येते. तिच्याकडे पुढे येऊच.

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी दोन नळ्या भरल्या. हिरव्या टोपणाच्या नळीत सोडियम हेपरिन असतं. तीत पेशी जिवंत राहतात आणि प्रयोगशाळेत वाढवता येतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं आणि ती आरएनए-डीएनएच्या कामाला, म्हणजे पीसीआरला लागते. नळ्यांची अदलाबदल झाली की कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांचा नकाशा, गेला म्हणून समजा.

कॅरिओटाइपसाठी विभाजन चालू असलेली पेशी हवी. पेशी एक दिवस वाढवून, विभाजनाच्या ऐन मध्यावर (मेटाफेजमध्ये) कोल्सेमिडनं थांबवून, गीम्सा रंगानं गुणसूत्रांवर पट्टे उमटवतात आणि साधारण २० पेशी मोजतात. ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्ट पेशी या कामात मुळातच हट्टी. त्यांची विभाजनं कमी मिळतात, आणि मिळाली तरी गुणसूत्रं आखूड, फुगीर, पट्टे पुसट. त्यात आपला मे महिना. पारा ४३ वर. नमुना शुक्रवारी दुपारी काढलेला, कुरिअरवाल्यानं तो ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवला, शनिवार-रविवार मध्ये गेले, डबा सोमवारी उघडला. अहवाल आला: 'पुरेशी मेटाफेज मिळाली नाहीत, संवर्धन अयशस्वी.'

हा अहवाल वाचून बऱ्याचदा दोन उलट चुका होतात. कुणी तो 'नॉर्मल' समजून फायलीला लावून टाकतं. कुणी पुन्हा अस्थिमज्जा काढायला निघतं, तोवर केमो सुरू होऊन ब्लास्ट मेलेले असतात. अयशस्वी म्हणजे उत्तर मिळालं नाही, इतकंच. आणि २० ऐवजी तीनचार मेटाफेज बघून कुणी '४६,एक्सवाय', म्हणजे गुणसूत्रं नॉर्मल, असं लिहिलं असेल तरी जपून. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही विभाजतात, आणि ल्युकेमियाच्या पेशी मेल्या असतील तर मोजल्या जातात त्या नेमक्या निरोगीच.

फिश ही तपासणी या संकटातून वाचवते. तिला विभाजन होणारी पेशी लागत नाही, साधं केंद्रक पुरतं. ठरावीक जनुकाला चिकटणारे रंगीत चमकणारे तुकडे केंद्रकात सोडायचे आणि ठिपके मोजायचे. ९ व्या गुणसूत्रावरच्या एबीएल१ ला नारिंगी, २२ व्यावरच्या बीसीआर ला हिरवा. निरोगी पेशीत दोन नारिंगी, दोन हिरवे, सगळे वेगवेगळे. संवर्धन फसलेल्या याच नळीतल्या गाळातून २०० केंद्रकं मोजली, तर ७८ टक्के केंद्रकांत एक नारिंगी, एक हिरवा आणि दोन ठिकाणी दोन्ही रंग एकमेकांवर. ९ आणि २२ या गुणसूत्रांची टोकं तुटून अदलाबदल झाली होती. फ्लोनं आणलेली शंका खरी निघाली. जांभळ्या नळीतल्या पीसीआरनं चार दिवसांनी तपशील भरला: ई१ए२ प्रकारचा जोड, म्हणजे पी१९० प्रथिन. मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात हाच जास्त सापडतो. क्रॉनिक मायलॉइड या दुसऱ्या जातीच्या ल्युकेमियात मात्र बहुतेकदा पी२१० असतो.

पैसे एकाच तपासणीचे असतील तर?

बापाला लॅबनं दरपत्रक दिलं होतं. कॅरिओटाइप इतके, फिशचं पॅनल इतके, सगळ्या जोड-जनुकांचं सिक्वेन्सिंग त्याहून कितीतरी जास्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम अडलं होतं, कारण रेशन कार्डावर या मुलाचं नावच चढलेलं नव्हतं. त्यासाठी चुलता तहसीलला खेटे घालत होता. फिशचे पैसे जिनिंगच्या मालकाकडून उचल घेऊन भरले. अशा घरासमोर 'संपूर्ण पॅनल करा' असं लिहून मोकळं होणं सोपं असतं. मी तसं लिहीत नाही. कोणती तपासणी आधी करायची याला माझा क्रम ठरलेला आहे, आणि त्याची कारणंही.

पहिली बीसीआर-एबीएल१, प्रत्येक मुलात. मुलांच्या या ल्युकेमियात ती ३ ते ५ टक्क्यांतच सापडते, मोठ्यांमध्ये साधारण चौघांत एकाला. मग तीन-चार टक्क्यांसाठी सगळ्यांचे पैसे का घालवायचे, असं निवासी डॉक्टर विचारतात. कारण पहिल्या पंधरवड्यात औषध बदलणारी ही जवळपास एकमेव तपासणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर १५ व्या दिवसापासून एक नवी गोळी सुरू होते. बाकीचे बहुतेक फेरबदल उपचार किती कडक करायचे हे ठरवतात, आणि तो निर्णय पहिला महिना संपताना घेतला तरी चालतो. मूल दहा वर्षांच्या पुढचं असेल, पांढऱ्या पेशी ५०,००० च्या वर असतील, तर ही तपासणी टाळायचा प्रश्नच नाही. आपला मुलगा दोन्हींत बसत होता.

एक वर्षाच्या आतल्या बाळात हा क्रम उलटतो. तिथे पहिलं बघायचं ते ११ व्या गुणसूत्रावरचं केएमटी२ए, कारण त्या वयात चारपैकी जवळपास तीन बाळांत ते तुटलेलं असतं आणि आजाराचं वळणच वेगळं असतं.

त्यानंतर १२ आणि २१ ची अदलाबदल, ईटीव्ही६-रनएक्स१. ही सगळ्यात फसवी. अदलाबदल झालेले तुकडे पट्ट्यांच्या हिशेबात एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून उत्तम कॅरिओटाइपमध्येही ती नजरेस पडत नाही. १९९५ मध्ये ती ओळखली गेली ती रेणूपातळीवरच्या तंत्रांमुळे. मात्र ती सापडली तर बातमी चांगली: बरं होण्याची शक्यता जास्त असलेल्या गटांत ती मोडते. याच फिशमध्ये आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. एका केंद्रकात रनएक्स१ चे पाच किंवा अधिक ठिपके दिसले, तर २१ वं गुणसूत्र आतल्या आत अनेकपट झालंय, अशी शंका घ्यायची. हा प्रकार जोखमीचा, पण कडक उपचारांनी बराच आटोक्यात येतो. ठिपके मोजणाऱ्यानं फक्त 'जोड निगेटिव्ह' लिहून थांबू नये ते यासाठी.

१ आणि १९ ची अदलाबदल, टीसीएफ३-पीबीएक्स१, हीदेखील पॅनलमध्ये असतेच. ती सापडली की मेंदू आणि पाठीच्या मणक्यातल्या पाण्याकडे जास्त लक्ष ठेवायचं.

कॅरिओटाइप फसल्यावर या मुलाचं नुकसान काय झालं? फिश विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. एकूण गुणसूत्रं किती, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. ४४ पेक्षा कमी गुणसूत्रांचा ल्युकेमिया वाईट, ५० च्या वरचा बहुधा चांगला. आणि गोंधळ असा, की ३५-३६ गुणसूत्रांची पेशी कधी स्वतःची दुप्पट करून ७० च्या आसपास जाते, आणि घाईत वाचणारा तिला चांगल्या गटात टाकतो. त्यात कोणती गुणसूत्रं दोन आणि कोणती चार आहेत, हे बघितलं तरच फसवणूक उघडी पडते. या मुलाच्या उरलेल्या नमुन्यावर डीएनए इंडेक्स काढला, तो १.० आला. म्हणजे पेशीत डीएनए नेहमीइतकाच होता. दुधाची तहान ताकावर भागवली म्हणा, पण प्रश्न तेवढा सुटला.

गोळी

१९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फियात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते तुकडा गळून आखूड झालंय असं बरीच वर्षं मानलं गेलं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं की २२ व्या गुणसूत्राचा तो तुकडा गळलेला नाही, तो ९ व्या गुणसूत्रावर जाऊन बसलाय. गुणसूत्रांची कापलेली छायाचित्रं राउली घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून बसत.

अदलाबदलीनं आजार का होतो, हे बापाला समजेल असं सांगायचं तर शेतातल्या मोटारीला लावलेल्या ऑटोचं उदाहरण चालतं. एबीएल१ हे पेशीला 'विभाजन कर' म्हणणारं एक एन्झाइम, टायरोसिन कायनेज. एरवी ते बंद असतं, गरज पडली की चालू, काम झालं की पुन्हा बंद. बीसीआरचा तुकडा समोर जोडला गेला की अशी प्रथिनं एकमेकांना धरून राहतात आणि आपसांत एकमेकांना चालू करतात. मोटारीला ऑटो लावून माणूस गावाला निघून गेल्यासारखं: विहिरीत पाणी असो-नसो, लाइट आली की मोटार सुरू. १५ व्या दिवसाची ती गोळी म्हणजे इमॅटिनिब. हे औषध एबीएल१ च्या ज्या खाचेत ऊर्जा देणारं एटीपी बसतं तिथेच जाऊन बसतं, आणि एन्झाइमला काम करता येत नाही. "मंजी लाइटच तोडायची," बाप म्हणाला. बरोबर.

ही गोळी आली नव्हती तेव्हा या गटातल्या मुलांची अवस्था फार वाईट होती. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपनं २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडक केमोसोबत इमॅटिनिब सलग घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के तीन वर्षांनंतर आजार न उलटता जिवंत होती. आधीच्या काळातल्या मुलांत हा आकडा ३५ होता. पुढे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात गोळी आणि केमो घेणारी मुलं, भावंडाची अस्थिमज्जा बसवलेल्या मुलांच्या मागे पडली नाहीत. त्याआधी टी(९;२२) सापडली की आजार पहिल्यांदा आटोक्यात येताच प्रत्यारोपण, असा जवळपास नियम होता. तो या आकड्यांनी मोडला.

गोळीच्या किमतीचं भारतातलं प्रकरण वेगळंच. मूळ कंपनीचं औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, आणि भारतीय कंपन्यांचं जेनेरिक आठ-दहा हजारांना, अशी तफावत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली आणि जेनेरिकचा रस्ता मोकळा राहिला. त्या दिवशीच्या बातम्यांत क्रॉनिक मायलॉइडच्या प्रौढ रुग्णांबद्दल बरंच होतं. सेलूच्या जिनिंग कामगाराच्या पोराला १५ व्या दिवशी गोळी मिळू शकते, त्यात त्या निकालाचा वाटा मोठा आहे.

मुलाचं वजन २८ किलो, उंची १३० सेंटिमीटर, म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर. डोस ३०० मिलिग्रॅम, १०० च्या तीन गोळ्या, रोज जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. उपाशीपोटी दिली की उलटी ठरलेली. त्याच गटातलं नवं औषध डासाटिनिब का नको, हा प्रश्न रास्त होता. चीनमधल्या २०२० च्या तुलनात्मक चाचणीत डासाटिनिब घेणाऱ्या मुलांत चार वर्षांनंतर आजार न उलटता जिवंत असण्याचं प्रमाण ७१ टक्के, तर इमॅटिनिबमध्ये ४९ टक्क्यांच्या आसपास आलं. ते मेंदूच्या पाण्यातही जास्त पोचतं. पण त्या दिवशी विभागाच्या औषधालयात इमॅटिनिब होतं आणि मोफत होतं. डासाटिनिबची सोय लागेपर्यंत थांबणं मला पटलं नसतं. नंतर गरज पडली तर बदलता येतं. सुरुवात मात्र १५ व्या दिवशीच व्हायला हवी होती.

आठव्या दिवशी रक्तात ब्लास्ट १,४०० होते. स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद म्हणजे १,००० च्या खाली. म्हणजे आजार पहिल्या औषधाला नीट दबत नव्हता. फिशचा अहवाल नवव्या दिवशी आला, पीसीआर तेराव्या दिवशी.

"नात्यात केलं म्हून झालं का?"

केमोपेक्षा जास्त वेळ या प्रश्नावर गेला, आणि तो वेळ गेला तेच बरं झालं. मुलाच्या गुणसूत्रांत अदलाबदल सापडली, एवढं घरच्यांच्या कानावर पडलं आणि आजीनं ताबडतोब निष्कर्ष काढला. मुलाची आई म्हणजे आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न, आपल्याकडे घरोघरी आहे. त्यामुळे सुनेच्या माहेरावर बोट ठेवायची सोय आजीला नव्हती, ते तिचंही माहेर. मग दोष लग्नावरच आला. आई गप्प. ती फक्त एवढंच विचारत होती, की धाकटीचंही रक्त तपासायचं का. आणि नणंदेच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, ती थांबवावी का, असं चुलता बाहेर मला वेगळं गाठून विचारून गेला.

मी तिघांना एकत्र बसवून सांगितलं ते असं. आईकडून आणि बापाकडून मुलाला जी गुणसूत्रं आली ती ठीक होती, आणि त्याच्या शरीरातल्या बाकी पेशींत आजही ठीक आहेत. अदलाबदल झाली ती नंतर कधीतरी, रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत. डीएनए तुटतो आणि जोडला जातो, हे शरीरात रोज चालतं. एकदा चुकीची टोकं चुकीच्या टोकांना जोडली गेली आणि त्या एका पेशीपासून लाखो पेशी झाल्या. ही खोट बीजात नाही. म्हणून धाकटीच्या रक्तात ती शोधायची नाही, मुलगा बरा होऊन उद्या बाप झाला तर त्याच्या लेकरांत जायची नाही, आणि नणंदेच्या सोयरिकीशी तिचा काडीचाही संबंध नाही.

नात्यातल्या लग्नानं काही आजार वाढतात हे खरं आहे. आई आणि बाप दोघांकडून एकच दोषी जनुक आलं तर होणारे आजार त्यात येतात, थॅलेसेमिया त्यातलाच. ९-२२ ची अदलाबदल त्या जातीची नाही.

काही फेरबदल तर जन्माआधीच होतात. १२-२१ ची अदलाबदल एका नाळेवर वाढलेल्या जुळ्यांपैकी एकात गर्भातच होऊन रक्तावाटे दुसऱ्यात गेल्याचं अभ्यासातून दिसलं आहे. तिथेही ती आईबापाकडून आलेली नसते.

अपवाद सांगायलाच हवेत, नाहीतर एखादा चाणाक्ष निवासी डॉक्टर पकडेल. ३२ ते ३९ गुणसूत्रांच्या ल्युकेमियात टीपी५३ जनुकातला दोष मुलाला जन्मतःच असण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि तिथे घरच्यांची तपासणी व समुपदेशन करावंच लागतं. १५ आणि २१ ही गुणसूत्रं जन्मतः जोडलेली असणं अतिशय दुर्मीळ, पण अशा व्यक्तींत २१ च्या अनेकपटीचा ल्युकेमिया होण्याचा धोका हजारो पटींनी वाढतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत ल्युकेमिया जास्त, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपला मुलगा यांपैकी कशातच नव्हता.

बापाचा प्रश्न फवारणीचा होता. पिकांवर तो वर्षानुवर्षं फवारतो, तोंडाला रुमाल बांधून, आणि पोरगं बांधावर. कीटकनाशकं आणि मुलांचा ल्युकेमिया यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण या एका मुलाच्या या एका पेशीत गुणसूत्र कशानं तुटलं, हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. फवारताना मास्क, हातमोजे वापर आणि पोरांना लांब ठेव, हे मी त्याला सांगितलं. ते ल्युकेमिया नसता तरी सांगितलंच असतं.

पुढचे महिने

तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि ताप आला. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं, गोळी चालू ठेवली. आपल्याकडे पहिल्या महिन्यात मुलं दगावतात ती बऱ्याचदा जंतुसंसर्गानं, म्हणून घरी पाठवताना सूचना एकच: १०१ ताप म्हणजे त्याच रात्री दवाखाना, सकाळची एसटी बघायची नाही.

पहिला टप्पा संपल्यावर अस्थिमज्जेत उरलेल्या आजाराचं प्रमाण, एमआरडी, ०.३ टक्के आलं. हवं होतं ०.०१ च्या खाली. बाप हबकला. सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा स्वच्छ दिसत होती, म्हणजे सुधारणा झाली होती, पण पुरेशी नव्हती. या गटात पुढच्या टप्प्यानंतरचा आकडा जास्त बोलका असतो, म्हणून प्रत्यारोपणाचा निर्णय तिथवर लांबवला. दरम्यान धाकट्या बहिणीची एचएलए, म्हणजे अस्थिमज्जा जुळते का ते बघणारी, तपासणी केली. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक, आणि ती जुळली नाही. दुसऱ्या टप्प्यानंतर एमआरडी सापडण्याच्या मर्यादेखाली गेलं. प्रत्यारोपणाची चर्चा तिथे थांबली, बंद झाली असं नाही. आकडा वर चढला तर ती पुन्हा उघडेल, आणि तेव्हा एबीएल१ च्या खाचेत बदल होऊन गोळी निकामी झालीय का, हे आधी बघायचं.

आता मुलगा मेंटेनन्सवर, म्हणजे आजार दबलेला ठेवणाऱ्या हलक्या उपचारांवर आहे. रोज ६-मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि रोजची इमॅटिनिब. तपासणीला महिन्यातून एकदा संभाजीनगर. रेल्वेच्या सवलतीत कर्करोग रुग्णाला स्लीपरचं पूर्ण भाडं माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट, हे बापाला दुसऱ्या कुण्या रुग्णाच्या नातेवाइकानं सांगितलं. आमच्याकडून ते पहिल्याच आठवड्यात लिहून मिळायला हवं. मधल्या सर्दी-तापाला घरचे परभणीच्या बालरोगतज्ज्ञाकडे जातात. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या की त्यांनी गोळ्या थांबवाव्यात, हे केमोच्या बाबतीत ठीक. इमॅटिनिब मात्र परस्पर थांबवायचं नाही. म्हणून फायलीच्या पहिल्या पानावर, निदानाच्या खाली, ठळक अक्षरांत 'टी(९;२२), बीसीआर-एबीएल१, ई१ए२, इमॅटिनिब ३०० मिलिग्रॅम' आणि विभागाचा फोन नंबर लिहिलेला आहे. बुरशीवरच्या अॅझोल गटातल्या गोळ्यांवर तिथेच लाल शाईनं फुली आहे, कारण त्या इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, आणि केमोतलं व्हिन्क्रिस्टिन चालू असेल तर मज्जातंतूंना इजा करतात.

आजीची हल्लीची तक्रार उंचीची. वर्गातली पोरं वर गेली, हा तसाच. तक्रार खोटी नाही. स्टिरॉइडनं वाढ मंदावते, आणि लहान वयात दीर्घकाळ इमॅटिनिब घेतल्यानंही. त्यामुळे आता प्रत्येक भेटीत वजनाआधी उंची मोजतो आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब टाकतो. गेल्या सहा महिन्यांत दीड सेंटिमीटर. उपचार संपल्यावर भरून निघतं का ते बघायचं, नाही निघालं तर संप्रेरकांच्या डॉक्टरकडे पाठवायचं.